सूर्यावरचा डाग आणि मानाची बारी

माझा आवाज असा आहे, की मी मोशीत शिंकलो तर चाकणच्या चौकात अडकलेले कंटेनर दचकून दोन फूट पुढं सरकतात. त्या चौकातली कोंडी आजवर जी काही सुटली असेल ती माझ्या पडशामुळंच. या आवाजाच्या जोरावर मी आठवडाभर कंपनीत फोर्जिंगच्या हॅमरशी भांडतो आणि जत्रांच्या दिवसांत बैलगाड्यांच्या घाटावर माइक धरतो. घाट म्हणजे शर्यतीची चढाची वाट. खालून चार बैलांचा रिकामा गाडा सुटतो, पुढं घोडी पळते, वर निशाण पडतं, आणि जे घडलं त्याच्या तिप्पट मी सांगतो. लोकही तिप्पट ऐकायलाच येतात. घडलं तेवढंच ऐकायचं असतं तर घरी बसून घड्याळ बघितलं असतं की.

पण त्या वैशाखात मी जे पाहिलं, ते मला अजून तिप्पट करता आलेलं नाही. प्रयत्न करून झाला आहे.

त्या उन्हाळ्याबद्दल मात्र मी एक शब्द वाढवून सांगत नाही. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड तळूनच खाली आले. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ उन्हात लावलेल्या स्कूटरवर बसले आणि उतरले, तेव्हा सीट त्यांच्याबरोबर उतरली आणि लिफ्टपर्यंत सोडायला गेली. कंपनीत तर आम्ही जेवणाच्या सुट्टीत भट्टीजवळ गारव्याला जाऊन बसायचो.

माझे सासरे चाकणजवळच्या एका गावचे जुने शेतकरी. गावाचं नाव सांगत नाही, गावात भांडणं आधीच भरपूर आहेत. अख्खं गाव त्यांना आबा म्हणतं, माझी बायकोही. मी मामा म्हणतो. त्यांची जमीन कंपनीला गेली, आणि गेली ती नेमकी आमच्याच कंपनीला. जिथं त्यांचा कांदा निघायचा तिथं आता आमचा हॅमर दणदणतो. म्हणजे मी सासऱ्यांच्याच वावरात कामाला आहे, फक्त हजेरी दुसरा लावतो. जमीन गेली तरी बैल राहिले. चार बैल. त्यांतला पुढच्या जोडीतला डावा, कोशा रंगाचा म्हणून नावानंही कोसा, आता म्हातारा झालेला. त्याच्यावर मामांचा आपल्या लेकीपेक्षा जास्त जीव, असं ती लेकच सांगते. हसत सांगते, पण सांगते.

या घराला जत्रेत एक मान आहे. घाटाच्या माथ्यावर देवाची काठी उभी करतात. दुपारी काठीची सावली आखडत आखडत बुंध्यात शिरली, की माइकवरून आरोळी द्यायची: "सावली बुडाली!" आणि त्या आरोळीवर या घराचा गाडा सुटायचा. ही मानाची बारी. वैशाखात आमच्याकडं सूर्य नेमका टाळूवर येतो, त्यामुळं सावली जवळजवळ खरोखरच नाहीशी होते. एखाद्या वर्षी बोटभर उरलीच, तर ती आम्ही सगळे गावकरी मिळून गिळतो. आरोळीचं काम जावई म्हणून माझ्याकडं.

आदल्या वर्षी दुपारच्याच उन्हात दुसऱ्या एका गाड्याचा बैल पळून माथ्यावर आला, खाली बसला, आणि परत उठला नाही. त्यानंतर जत्रा कमिटीनं ठरवलं, की सगळ्या बाऱ्या सकाळीच उरकायच्या आणि ऊन चढलं की घाट बंद. अडली फक्त मानाची बारी. ती हलवायची तर ज्याचा मान त्याचा होकार हवा. मामा होकार देईनात. आणि गंमत अशी, की त्यांचं कारण देवाधर्माचं नव्हतंच. त्यांचं कारण शास्त्रीय होतं.

कमिटीचे अध्यक्ष घरी आले. प्लॉटिंगचा धंदा, गळ्यात बैलाच्या माळेएवढी साखळी, पण मनानं बरा माणूस.

"आबा, ऊन लई वाढलंय राव."

"वाढलंयच की. म्या कुठं न्हाई म्हंतो? पर का वाढलंय, ते सांग."

अध्यक्षांनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं.

"सूर्याला फेरा असतो," मामा म्हणाले. "अकरा वर्सांचा. त्याच्या अंगावर डाग येत्यात. डाग वाढलं की त्यो जोरात असतो, डाग गेलं की निवतो. आत्ता फेरा माथ्यावर हाय. चार-दोन वर्सांत उतरंल. तवर कळ काढायची. सूर्याला जरा ताप आला म्हणून मी घरचा मान हलवू व्हय?"

"हे कुणी सांगितलं?"

"मोबाईलमधी आलंय."

त्यांनी तो व्हिडिओ मला पाठवला होता, अध्यक्षांना पाठवला होता, आणि चुकून गॅस एजन्सीलाही पाठवला होता. सगळा खोटा नव्हता, हीच पंचाईत. डाग खरे, फेरा खरा. त्या दोन खऱ्या गोष्टींच्या मध्ये बसून तिसरी गोष्ट आत शिरली होती.

मामांना तो डाग डोळ्यांनी बघायचा होता. म्हणून मी कंपनीतून वेल्डिंगची सगळ्यात काळी काच मागून आणली. इतकी काळी, की तिच्यातून दिवा बघितला तर दिवा विझल्यासारखा वाटतो. मामांनी ती डोळ्याला लावली, मान वर केली, आणि ओरडले, "हाय! हाय रं! त्यो बघ!"

मीही बघितला. होता. तिळाएवढा, उजव्या अंगाला. दुसऱ्या दिवशी कंपनीत सांगताना तो वाटाण्याएवढा झाला, आणि चहाच्या सुट्टीपर्यंत त्याच्यातून धूर यायला लागला. इकडं मामांच्या अंगणात रांग लागली. निम्म्या गावानं सूर्यावरचा डाग बघितला आणि मान डोलावली. एका म्हातारीनं तर तो मागच्या वर्षीपेक्षा मोठा झालाय असंही सांगितलं.

रविवारी माझी बायको माहेरी आली. ती शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळं आमच्या घरात मला फार काही वाढवून सांगता येत नाही. तिनं काच डोळ्याला लावली. मग बोटांत ती हळूहळू गोल फिरवली.

"अहो," ती मला म्हणाली, "हा डाग काचेबरोबर फिरतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या वेल्डिंगची ठिणगी आहे ही." तिनं नखानं खरवडली. सूर्य स्वच्छ झाला. अंगणात रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीनं हात जोडले.

"तेवढ्यात सूर्य बी फिरला असंल," मामा म्हणाले.

मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा मी खोकलो.

"आबा, डाग असतात," बायको म्हणाली. "फेराही असतो. मी नाही म्हणत नाही. पण फेरा वर जातो तसा खाली येतो. मागं खाली आला होता, तेव्हा ऊन खाली आलं का? तुम्हीच सांगा. तुम्ही रोज बघता."

"आलं असंल. थोडं."

"कुठल्या साली?"

मामांनी काच सदऱ्याच्या खिशात ठेवली. "जेवायचं बघा," म्हणाले.

जेवताना मात्र ती सोडेना. या घराची हीच रीत आहे. भांडण अंगणात सुरू होतं आणि ताटावर पिकतं. मी भाकरीत डोकं घातलं.

"आबा, एक सांगा. रात्री सूर्य कुठं असतो?"

"हे काय इचारणं झालं?"

"सांगा तर."

"खाली असतो. पलीकडं."

"मग रात्री कोण तापवतंय? तुम्हीच परवा म्हणालात, पहाटेला गोठ्याच्या पत्र्यावर दव असायचं, बैलांच्या पाठी गार लागायच्या. आता लागतात का? सूर्यच जास्त पेटला असता तर दिवस जास्त तापले असते, रात्रीनं तेवढं मनावर घेतलं नसतं. इथं उलटं चाललंय. रात्र निवेनाशी झालीय. आपण वर धूर सोडतो, त्याची गोधडी होते. दिवसाची उष्णता वर जायची ती त्या गोधडीत अडकते. सूर्य आहे तसाच आहे. पांघरूण वाढलंय."

मामांनी ताट पुढं सारलं. ताट सरकलं त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि माझे कान रोज हॅमरखाली असतात.

"म्हंजी धूर," ते म्हणाले. "म्हंजी कंपन्या. म्हंजी मी इकलेलं वावार. सरळ सांग की बाई, का तुझ्या बापानं ताप आणला."

"मी तसं म्हटलं नाही आबा."

"मंग सूर्यच."

ते उठून बैलांकडं गेले. तेव्हा मला उमगलं, की त्यांचा सूर्यावरचा हट्ट फेऱ्याबिऱ्याचा नव्हता. सूर्यानं केलं म्हटलं, की माणूस सुटतो. चार वर्षं कळ काढायची आणि बास. आपण केलं म्हटलं, की मग उतार नाही, मान हलवायचा तर कायमचाच हलवायचा. त्यांना बारीची वेळ बदलायला सांगत नव्हते. त्यांना एक गोष्ट कबूल करायला सांगत होते, आणि तीही अख्ख्या गावासमोर.

बायको मला एवढंच म्हणाली, "तो बैल पळाला तर पडेल. आणि बैल पडला तर आबा त्याच्याजवळून उठणार नाहीत. मला तो मान नको, बाप हवा."

जत्रेच्या आदल्या रात्री आम्ही गावीच राहिलो. पहाटे मी उठून गोठ्याकडं गेलो तर मामा आधीच तिथं. बादलीनं बैलांच्या पाठीवर पाणी सोडत होते. उजाडायला लागलं होतं, आणि वारा असा, की जणू कुणी तोंडावर वाफ सोडतंय. बाकीचे तीन बैल ठीक होते. म्हातारा कोसा मात्र मान खाली घालून धापत होता. उन्हात पळून आलेलं जनावर धापतं तसा, बरगड्या आत-बाहेर. आणि तो तर काल दुपारपासून दावणीलाच होता. मामांनी त्याच्या शिंगाचा बुंधा मुठीत धरला. जनावराचा ताप असाच बघतात. बराच वेळ हात काढला नाही.

मला बघितलं तेव्हा म्हणाले, "घरात बोलू नको."

मी आयुष्यात कुठलीही गोष्ट पोटात ठेवलेली नाही. ही मी अंगण ओलांडेपर्यंत ठेवली. बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आज आरोळी देऊ नका."

"ती काय माझ्या हातात आहे का? सावली बुडणार ती सूर्याच्या हिशेबानं."

"माइक कुणाच्या हातात आहे?"

बाकीच्या बाऱ्या सकाळी झाल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी चारी बैल सकाळी तपासले, तेव्हा पाणी मारून कोसा शांत झाला होता, त्यांनी मान डोलावली. पहाटेचं धापणं मी त्यांना सांगितलं नाही. नऊ वाजले, दहा वाजले, लोक झाडाखाली, मांडवाखाली, टेम्पोखाली घुसले, पण घरी कुणी गेलं नाही. मानाची बारी बघितल्याशिवाय जत्रा झाली असं कुणी मानत नाही.

बारा वाजता घाटावर माती अशी तापली होती, की एक कुत्रं वाट ओलांडताना पाय नुसते टेकवत होतं, ठेवत नव्हतं. माथ्यावर काठी, काठीशेजारी माझा माइक. माझ्यासमोर सावली. वीतभर. खाली मामांनी गाडा जुंपला. पुढच्या जोडीला डावीकडं कोसा. मामा स्वतः त्याची वेसण धरून उभे, डोक्याला फेटा, सदरा पाठीला चिकटलेला. बायको काठीच्या पलीकडं उभी, छत्रीशिवाय, अनवाणी. तिला कुणी तरी चपला दिल्या, तिनं घातल्या नाहीत. घाटावर बायका इतक्या पुढं येत नाहीत. तिला बाजूला हो म्हणायची अध्यक्षांची हिंमत झाली नाही.

सावली चार बोटं झाली. मी माइकवर बोलत होतो. काय बोलत होतो देव जाणे. या घराच्या पंजोबांचा गाडा एकदा इतका जोरात सुटला की माथ्यावर न थांबता थेट इंद्रायणी ओलांडून गेला आणि बैल परत आणायला आळंदीला माणसं पाठवावी लागली, असं काहीसं. लोक हसत होते. खाली कोसा हसत नव्हता. त्याची जीभ बाहेर आलेली मला माथ्यावरून दिसत होती, आणि माझी नजर काही घारीची नाही.

सावली दोन बोटं. एक बोट. मग दोऱ्याएवढी. मग काठीच्या बुंध्याशी फक्त एक ओलसर काळं वर्तुळ राहिलं, आणि ते पाण्याचं होतं, पूजेचं.

सावली बुडाली होती.

निशाणवाला माझ्याकडं बघत होता. खाली घोडीवाल्यानं लगाम आवळला. सगळी माणसं मांडवाखालून पुढं आली. मी माइक तोंडाशी धरला आणि म्हणालो, "मंडळी, अजून एक बोट सावली आहे!"

अध्यक्ष वाकून काठीजवळ बघायला लागले. "कुठंय?"

"आहे, आहे! धीर धरा मंडळी! देवाला घाई नाही, तुम्हाला कशाला?"

थोडा वेळ लोकांनी ऐकून घेतलं. मग शिट्ट्या सुरू झाल्या. "ओ पाव्हणं, सुटू द्या की!" "जावयाचे डोळे तपासा रं!" "अजून एक बोट!" मी ओरडलो. "अर्धं बोट!" पुढच्या खेपेला त्याच्याही निम्मं. असं निम्मं निम्मं करत मी संध्याकाळ गाठायचा बेत केला होता. घाम डोळ्यांत जात होता. माझा हा आवाज, ज्यानं कंटेनर सरकतात, पहिल्यांदा फाटला.

खाली मामांनी वेसण दुसऱ्याच्या हातात दिली, आणि घाट चढायला लागले.

शिट्ट्या थांबल्या. एवढी माणसं, पण फक्त मामांच्या वहाणांचा आवाज. मध्ये एकदा थांबले, गुडघ्यावर हात ठेवला, परत निघाले. बायको पुढं झाली, त्यांनी हातानं तिला तिथंच राहायला सांगितलं. काठीजवळ आले. खाली बघितलं.

"पाव्हणं, सावली कवाच बुडलीय."

"आहे मामा, थोडी."

"मला दिसत न्हाई."

"तुम्हाला डाग दिसला होता ना," मी म्हणालो, "तशी मला सावली दिसतेय."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता कानाखाली बसणार आणि ती माइकवरून अख्ख्या गावाला ऐकू जाणार. त्यांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. उलटा धरला. माइक किंचाळला. मी सरळ करून दिला.

"बारी सुटनार न्हाई," ते म्हणाले. "बैल रातभर निवला न्हाई."

अध्यक्षांना हायसं वाटलेलं दिसत होतं. ते पटकन पुढं आले आणि समजुतीच्या आवाजात म्हणाले, "बरं आबा, यंदाचं राहू द्या. फेरा उतरला की परत दुपारीच सोडू, मान आहे तसा राहील. असंच ना?"

माइक चालूच होता. हे सगळं खाली, मांडवात, रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. अध्यक्षांनी बिचाऱ्यांनी सुटायला वाट करून दिली होती. नुसतं हो म्हटलं असतं की झालं असतं. बैलही वाचला असता आणि सूर्यही.

मामांनी मान वळवली. घाटाच्या माथ्यावरून आमच्या कंपनीची शेड दिसते, निळी, लांबलचक, आणि तिच्यावरची धुराडी. ते तिकडं बघत राहिले. बायको त्यांच्याकडं बघत होती. मी तिच्या पायांकडं बघत होतो, ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, तरी चपला घालत नव्हती.

"न्हाई," मामा म्हणाले. "मानाची बारी हितनं फुडं सकाळीच. कायमची."

"पण आबा, तुम्हीच म्हणत होता ना, सूर्य..." अध्यक्ष म्हणाले.

"दिवसाचं सूर्यावर ढकललं असतं रं," ते म्हणाले. "रातीचं कुणावर ढकलू?"

माइक माझ्या हातात दिला आणि खाली गेले. गाडा सोडला. कोशाच्या पाठीवर ओलं गोणपाट टाकलं, शिंगांना भंडारा लावला, आणि वेसण धरून त्याला मोकळाच घाट चढवत आणला. सावकाश. अर्ध्यात त्याला पाणी पाजलं. वर घड्याळवाल्यानं सवयीनं घड्याळ सुरू केलं होतं, ते बंद करायचं त्याला सुचलं नाही. मला काहीतरी बोलायला हवं होतं, मी माइकवाला. मी नुसता माइक धरून उभा होतो. बैल काठीजवळ आला तेव्हा बायकोनं पुढं होऊन त्याच्या तोंडाखाली बादली धरली, आणि मग आपल्या बापाच्या सावलीत पाय ठेवायला गेली, तर त्यांनाही सावली नव्हती. तेव्हा कुठं तिनं चपला घातल्या.

पुढच्या वर्षी मानाची बारी सकाळी सुटली. काठीची सावली घाटावर लांबच लांब पडली होती आणि आरोळी काय द्यायची यावर कमिटीत भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. कोसा जुंपला नव्हता. तो मांडवाखाली बांधला होता आणि स्वतःला पाहुणा समजत होता.

मामांनी हार मात्र पूर्ण मानलेली नाही. परवाही जेवताना म्हणाले, "सूर्याचा बी वाटा हाय त्यात."

"आहे आबा," बायको म्हणाली. "थोडासा."

"थोडा तर थोडा. हाय म्हंजी हाय."

वेल्डिंगची ती काच अजून त्यांच्या खिशात असायची. त्या दिवशी अंगणात ती डोळ्याला लावून ते बराच वेळ वर बघत होते. दिसतोय का डाग, मी विचारलं.

"हाय एक. खरा हाय, काच फिरवून बघितली." काच खाली घेऊन म्हणाले, "पर त्यो त्याचा त्याचा हाय."

मग काच पुसून माझ्या हातात दिली. "कंपनीत परत देऊन टाक," म्हणाले. "तिथं लागंल."